परदेशात राहून चित्रांत नाशिक आणायचे, तर वारली काढावी का?

नाशिक सोडून जर्मनीत आल्याला दोन वर्षे झाली, चित्रे आता कुठे लोकांपुढे येऊ लागली आहेत आणि जो तो वारली किंवा पैठणीचा मोर काढायला सुचवतो. हे वारसा जपणे की विकणे, असा आपला प्रश्न आहे. मी पंचवटीतला असून हॅम्बुर्गमध्ये सात वर्षे चित्रे काढून परतलो आहे. पहिल्या वर्षी मीही गेरूच्या रंगावर पांढरे त्रिकोणी नर्तक काढले होते. ते चटकन खपले आणि तिथल्या एका कलादालनाने तसेच आणखी मागितले, तेव्हा मला संकोच वाटू लागला.

संकोचाचे कारण साधे होते. वारली समाजात लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. ते त्या विधीचे अंग आहे. त्याच समाजातल्या जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण ती त्यांची स्वतःची रेषा होती. आमच्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे वारली वस्ती असली, तरी मी वाड्यात वाढलेला. मी ती पाहिली ती भेटकार्डांवर. आपण त्या समाजातले असाल, तर अर्थातच हे बोलणे आपल्याला लागू नाही.

मला माझा विषय सापडला तो एल्बेच्या काठी. समुद्र शंभर किलोमीटरवर असूनही हॅम्बुर्गमध्ये ही नदी दिवसातून दोनदा भरती-ओहोटीने चढते आणि उतरते, त्यामुळे धक्क्याच्या भिंतींवर ओलीचे पट्टे कायम दिसतात. ते पाहताना एकदम आमच्या गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती आठवला. गोदेला पूर आला की पाणी किती फूट चढले हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. मारुतीच्या कमरेपर्यंत आले की छातीपर्यंत, एवढेच विचारतात. त्यानंतर दोन वर्षे मी केवळ पाण्याच्या खुणा रंगवल्या. त्यांतल्या ‘छातीपर्यंत’ नावाच्या चित्रात मारुती नाहीच, फक्त काळा दगड आणि एक गढूळ आडवी रेघ आहे. ते पाहून एका वृद्ध बाईंनी मला १९६२च्या फेब्रुवारीतल्या पुराची रात्र सांगितली. त्या पुरात हॅम्बुर्गमध्ये तीनशेहून अधिक माणसे गेली होती.

घाई मात्र करू नये. चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० साली पॅरिसला गेले, कित्येक वर्षे फ्रान्समधली गावे आणि चर्चे रंगवत राहिले आणि पुढे त्यांची ओळख बनलेला बिंदू त्यांच्या चित्राच्या मध्यभागी ठाण मांडून बसायला जवळजवळ तीस वर्षे जावी लागली. (दालनवाल्यांना एवढा धीर नसतो, हे मान्य.)

कामाची एक सवय सांगतो. घाट, वाडा किंवा काळारामाचा सभामंडप आधी आठवणीतून काढावा आणि छायाचित्र नंतर पाहावे. जिथे चूक झाली असेल ती जागा लगेच दुरुस्त करू नये, कारण बहुधा तिथेच आपले काहीतरी असते. माझ्या पायऱ्या नेहमी प्रत्यक्षापेक्षा उंच येत, कारण मी त्या पाच वर्षांचा असताना चढलो होतो. आणि काळ्या पाषाणासाठी नळीतला काळा रंग वापरू नये; बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळले की तो दगड पावसात भिजल्यासारखा दिसतो.

पैठणीच्या मोराबद्दल एवढेच, की आपल्या घरी येवल्याचा माग असेल, तर मोराआधी तो माग काढून पाहा.