फाइल परत उघडली की हिशेब मोडतो: देवगडच्या बागायतदारांना उत्तर

तुम्ही लिहिलंय की रात्री एक्सेलमध्ये आंब्याच्या पेट्यांचा हिशेब घातला, बेरजा जुळल्या, सेव्ह केलं. सकाळी फाइल उघडली तर दराच्या रकान्यात #रेफ!, दलालवार बेरजेत #व्हॅल्यू!, आणि मुंबईच्या भावाने भरलेल्या ओळींना हात लावला की #नेम?. म्हणून तुम्ही रोज फॉर्म्युले नव्याने टाइप करताय. ते आधी थांबवा. फॉर्म्युला रात्रीत बदलत नाही. फाइल उघडताना एक्सेल त्याला लागणारं सामान पुन्हा शोधायला जातं, आणि या तिन्ही ठिकाणी न सापडणारी गोष्ट वेगवेगळी आहे.

#रेफ! चं कारण तुमच्या फॉर्म्युल्यातच दिसतंय. 'हिशेब' फाइलमध्ये वरच्या सेलमधलं महिन्याचं नाव घेऊन 'दर' या दुसऱ्या फाइलमधल्या त्या महिन्याच्या शीटवर जायला तुम्ही इनडायरेक्ट वापरलंय, म्हणजे मजकुरातून सेलचा पत्ता बनवणारं फंक्शन. हे फंक्शन दुसऱ्या फाइलमधून वाचतं, पण ती फाइल उघडी असेल तरच. रात्री दोन्ही फाइली उघड्या होत्या, सकाळी तुम्ही फक्त 'हिशेब' उघडली. शिवाय इनडायरेक्ट दर वेळी नव्याने गणित करतं, त्यामुळे कालचा आकडाही टिकत नाही. खात्री करायची असेल तर आत्ता 'दर' उघडा आणि एफ ९ दाबा. आकडे जागेवर येतील.

#व्हॅल्यू! ची गोष्ट जवळची, पण जास्त फसवी. समइफ, समइफ्स, काउंटइफ ही अट लावून बेरीज किंवा मोजणी करणारी मंडळी बंद फाइलमधल्या रकान्यावर चालत नाहीत. उघडताना एक्सेल लिंक अपडेट करायच्या का विचारतं. 'हो' म्हटलं की #व्हॅल्यू! येतं, 'नको' म्हटलं की आधी साठवलेला आकडा तसाच दिसत राहतो. 'कधी येतं, कधी येत नाही' असं तुम्ही म्हणताय ते यामुळे. मला #व्हॅल्यू! पेक्षा त्या जुन्या आकड्याची जास्त काळजी वाटते. वाशी बाजारातला दर उतरलेला असतो, शीटवर मात्र आधीचाच दर, आणि त्यावरून तुम्ही दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, तपासायला बसता.

#नेम? चं कारण तुमच्या संगणकावर आहे. भावाने एक्सलुकअप, म्हणजे यादीत शोधून त्यासमोरचा आकडा आणणारं फंक्शन, वापरलंय. ते एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, तुमच्या २०१६ मध्ये नाही. फाइल उघडल्यावर साठवलेला आकडा दिसतो, सेलमध्ये जाऊन एंटर मारला की #नेम?. फॉर्म्युला बारमध्ये फंक्शनच्या नावाआधी 'एक्सएलएफएन' अशी अक्षरं दिसली तर नक्की समजा. भावाला तेच काम करणारी इंडेक्स आणि मॅच ही जुनी फंक्शनं वापरून लिहायला सांगा. ते दोन्हीकडे चालतं, बंद फाइलमधूनही वाचतं.

आता दुरुस्ती. माझं स्पष्ट मत आहे की एका बागेच्या हिशेबाला दोन फाइली नकोत. मूळ फाइलींची एक प्रत बाजूला ठेवा. मग दोन्ही उघडून 'दर' मधली शीटं 'हिशेब' मध्ये कॉपी करा. शीटच्या टॅबवर राइट क्लिक, मूव्ह ऑर कॉपी, खाली 'क्रिएट अ कॉपी' वर टिक. शीटांची नावं आहेत तीच राहू द्या. मग डेटा टॅबमध्ये एडिट लिंक्स, तिथे चेंज सोर्स, आणि नवी फाइल म्हणून 'हिशेब' चीच निवड करा. साधे संदर्भ आणि समइफ्स सगळे घरातल्या घरात वळतात. इनडायरेक्ट मात्र वळत नाही, कारण त्याच्या आत फाइलचं नाव नुसता मजकूर म्हणून असतं. तिथून चौकटी कंसातलं फाइलचं नाव हाताने काढा, शीटचं नाव ठेवा. दर दुसऱ्याच कोणाच्या फाइलमध्ये असतील आणि एकत्र करणं शक्य नसेल, तर समइफ्सच्या जागी समप्रॉडक्ट लिहा. बंद फाइलवर ते चालतं.

कोणीतरी तुम्हाला सगळीकडे इफएरर, म्हणजे चूक झाकून त्या जागी दुसरं काही दाखवणारं फंक्शन, लावून शून्य दाखवा असं सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. पाच डझनी पेट्यांच्या एका ओळीचा दर सापडला नाही तर तिथे शून्य येईल, खालची बेरीज गुपचूप कमी होईल, आणि दलालाकडून तेवढे पैसे कमी आले तरी शीट म्हणेल बरोबर आहे. चूक दिसलीच पाहिजे, ती मेहनतीच्या पैशाची आहे.

फाइल भावाला पाठवताना सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची फाइल, करू नका. त्यात फॉर्म्युले राहत नाहीत, फक्त समोरच्या शीटमधले आकडे जातात. त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर आलेली फाइल वर पिवळी पट्टी घेऊन उघडली, तर 'एनेबल एडिटिंग' दाबल्याशिवाय नवं गणित होत नाही. आणि फॉर्म्युले टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्स 'ऑटोमॅटिक' वर आहे ना, तेही बघून घ्या. आधी उघडलेल्या एखाद्या फाइलमुळे ते 'मॅन्युअल' होऊन बसतं.

एवढं झालं की एक्सेल पूर्ण बंद करा, फक्त 'हिशेब' उघडा, कंट्रोल-ऑल्ट-एफ ९ दाबून सगळं गणित नव्याने करा आणि दलालाची कोणतीही एक पट्टी घेऊन भाडं, हमाली, अडत वजा जाता हातात येणारी रक्कम कागदावर ताडून बघा. त्यानंतरही एखाद्या सेलमध्ये #रेफ! राहिला तर त्या सेलचा पूर्ण फॉर्म्युला आणि शीटांची नावं जशीच्या तशी इथे टाका.