तैलरंग नुकतेच सुरू केलेत. रविवर्मांचं अकरा स्त्रियांचं चित्र नक्कल करायला घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की इंटरमिजिएटपर्यंत ड्रॉइंग झालंय, तैलरंग आत्ता हातात घेतलेत आणि राजा रविवर्मांचं 'गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स' करायचं मनात आहे. पण सगळे म्हणतात, आधी एकच चेहरा करा. मी म्हणेन, तेच चित्र घ्या. एका चेहऱ्यातून नाक-डोळे येतील, पण माणसामागे माणूस कसा बसवायचा हे गर्दीच्या चित्रातूनच कळतं.

मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवते. हेच चित्र मी तीन फूट रुंद कॅनव्हासवर केलं, आठ महिने लागले. पहिले तीन महिने वाट चुकले होते. चौकटी पाडून रेखाटन नीट उतरलं, म्हणून एकेक चेहरा घेऊन पुरा करत गेले. वीणा घेतलेली नायर स्त्री झाली की पुढची. सुटे बघितले तर चेहरे चांगले होते. दाराशी जाऊन लांबून बघितलं तर अकराही जणी ग्रुप फोटोला एका रांगेत उभ्या! मागची हॅटवाली पुढचीच्या खांद्याला चिकटलेली. कारण साधं होतं, मागच्या गालावरही मी पुढच्याइतकाच उजेड ठेवला होता.

थर पूर्ण वाळू दिला. मग रॉ अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग, जवसाच्या तेलात चहाच्या पाण्याइतका पातळ करून मागच्या रांगेवर फिरवला आणि जुन्या सुती कापडाने हलकेच टिपून घेतला. डोळ्यांसमोर ती हॅटवाली हातभर मागे सरकली. त्या पाच मिनिटांत मी जे शिकले ते तीन महिन्यांत शिकले नव्हते.

म्हणून तुम्ही चेहऱ्यांपासून सुरुवात करू नका. आधी वहीच्या पानाएवढ्या कागदावर अख्खं चित्र तीनच छटांत करा: उजेड, मधली, अंधार. डोळे बारीक करून बघा, फोनवर फोटो काळा-पांढरा करून ताडून बघा. ते जमलं की कॅनव्हासवर बर्न्ट अंबर (गडद लालसर तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्याजणी एकदमच मांडा. काळा वापरू नका, तो फार सावकाश वाळतो. अंबर लवकर वाळतो. पुढे वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं, खालचा थर नेहमी वरच्यापेक्षा कमी तेलकट. उलटं झालं तर पुढे तडे जातात. आणि दोन साड्या जिथे भिडतात तिथली कड नीट बघा. कुठे धारदार असते, कुठे दोन्ही सावल्या एकमेकींत विरून जातात. प्रत्येक कड रेखून काढायचा मोह होतो, मलाही झाला. त्यानेच चित्र कागदी कात्रणांसारखं दिसतं.

पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिथवर जाणं जमेल तेव्हा जमेल, पण औंधला जाच. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येतं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, जे स्वतः चित्रकार होते, उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मांची अस्सल तैलचित्रं आहेत. छापील चित्रात आणि मोबाइलवर रंगाचा थर दिसतच नाही. तिथे एकाच चित्रापुढे अर्धा तास उभ्या राहा, बाजूने बघा, सावलीत रंग किती पातळ आणि दागिन्याच्या चमकीवर किती जाड आहे ते. रविवर्मांनाही त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या युरोपियन चित्रकार थिओडोर जेन्सनने शिकवलं नव्हतं, फक्त काम करताना बघू दिलं होतं. त्या बघण्यावर त्यांनी केवढं उभं केलं!

चित्र झालं की मागे 'राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून' असं लिहून मगच सही करा. कॅनव्हासचं माप कळवलंत तर चौकटी केवढ्या पाडायच्या ते सांगते.