४५ हजारांची केरसुणी

घटस्थापना जवळ आली की आमच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर यायला लागतात. वर्षभर माळ्यावर पडलेले, होजला चिरा गेलेले, आत झुरळांचा संसार थाटलेला. यंदा दुरुस्तीच्या जोडीला प्रश्नही पुष्कळ आले, त्यांतले काही इथे घेतोय. मी मशीन दुरुस्त करतो, विकत नाही. त्यामुळे कुणी महागडं घेतलं काय आणि स्वस्त घेतलं काय, माझ्या गल्ल्यात फरक पडत नाही. लवकर बिघडलं तर थोडा पडतो.

डोंबिवलीला २ बीएचके आहे, सगळीकडे टाइल्स. मिस्टरांना ४५ हजारांचा कॉर्डलेस हवाय, मला ६ हजारांचा वायरवाला पुरेसा वाटतो. एवढा फरक खरंच असतो का?

असतो. पण तुमच्या टाइल्सवर तो फारसा दिसणार नाही.

या यंत्राचा जन्मच मुळी गालिच्यांसाठी झाला. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथ नावाच्या इंजिनिअरने पहिलं मोठं मशीन काढलं. ते घोडागाडीवर बसवलेलं असे. गाडी रस्त्यात उभी करायची आणि लांब पाइप खिडकीतून घरात न्यायचा. पुढच्याच वर्षी राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीमधले गालिचे त्याने साफ केले. तेव्हापासून आजवर संशोधनाचा मोठा भाग एकाच कामावर खर्च झालाय, तो म्हणजे लोकरीच्या तंतूंत रुतलेली धूळ उपटून काढणं. महाग मशीनच्या तोंडाशी मोटारवर फिरणारा दांडगा ब्रश असतो तो त्याचसाठी. टाइलवर धूळ रुतत नाही, नुसती पडून असते. ती उचलायला ६ हजारांचं मशीनही पुरतं.

मग वरचे ३९ हजार कशाचे? हलक्या, वेगवान मोटारचे, बॅटरीचे, कमी आवाजाचे, चांगल्या फिल्टरचे आणि हवा कुठूनही फुसकन बाहेर पडणार नाही अशा घट्ट बांधणीचे. थोडे नावाचेही. यातली बॅटरी नीट समजून घ्या. डब्यावर ६० मिनिटं लिहिलेलं असतं ते सगळ्यात मंद गतीचं. जोरात चालवलं की बरीच मशीन दहा-बारा मिनिटांत मान टाकतात. रोज वापरलं तर तीन-चार वर्षांत बॅटरी उतरणीला लागते, आणि नव्या बॅटरीच्या पैशांत कधी कधी तुमचं ते ६ हजारांचं अख्खं मशीन येतं. घेण्याआधी दुकानदाराला सुट्या बॅटरीची किंमत विचारा. तो फोन करून विचारतो म्हणाला, तर समजायचं ते समजा.

आता मिस्टरांची बाजू, कारण तीही खोटी नाही. वायरवालं मशीन काढायचं म्हणजे माळा, स्टूल, होज जोडा, प्लग शोधा. म्हणून ते दिवाळीपुरतं उरतं. भिंतीला टांगलेला कॉर्डलेस हाताशी असतो, म्हणून रोज फिरतो. वीस वर्षांत मी पाहिलंय की मशीन वापरात राहतं की नाही हे त्याच्या जोरावर कमी आणि ते ठेवलंय कुठे यावर जास्त ठरतं. तेव्हा मिस्टर रोज स्वतः केर काढणार असतील तर १२ ते १५ हजारांतला साधा कॉर्डलेस घेऊ द्या. नुसतं बघणार असतील तर तुमचा ६ हजारांचाच बरा.

एका डब्यावर १६०० वॅट, दुसऱ्यावर २० किलोपास्कल, तिसऱ्यावर १५० एअर वॅट. कुठला आकडा खरा धरायचा? (नाशिक)

तिन्ही खरे, पण तीन वेगळ्या गोष्टींचे.

वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. मोठा आकडा म्हणजे जास्त ओढ, ही समजूत सेल्समननी पसरवली. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटच्या वरचे नवे घरगुती वायरवाले व्हॅक्यूम बाजारात आणायला बंदी घातली. तिथले गालिचे काही मळके राहिले नाहीत. आपल्याकडे वॅटचा उपयोग एवढाच की १४०० वॅटच्या पुढचं मशीन टीव्हीमागच्या छोट्या सॉकेटला किंवा स्वस्त एक्स्टेंशन बोर्डाला लावू नका. ६ अँपिअरची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. गीझर-फ्रिजचा मोठा पॉइंट वापरा. वितळलेले बोर्ड मी दर दिवाळीला पाहतो.

किलोपास्कल म्हणजे पाइपचं तोंड पूर्ण बंद केल्यावर आत तयार होणारी ओढ. २० किलोपास्कल म्हणजे साधारण दोन मीटर उंच पाणी वर खेचण्याइतकी. ऐकायला भारी वाटतं. पण शहाळं पिताना स्ट्रॉत मलई अडकली की काय होतं? गाल आत जातात, ओढ जबरदस्त लागते आणि तोंडात काहीच येत नाही. केर वाहून आणायला वाहती हवा लागते. ओढ आणि हवेचा प्रवाह दोन्ही एकत्र धरून जो आकडा निघतो तो एअर वॅट. तिघांत तोच त्यातल्या त्यात कामाचा, फक्त तो कॉर्डलेसच्या सगळ्यात जोरदार गतीचा असतो हे विसरू नका.

छापील आकड्यांचं एकूणच असं आहे. युरोपात व्हॅक्यूमवर विजेचं लेबल लागत असे. त्याची चाचणी रिकाम्या पिशवीवर व्हायची. डायसन कंपनी कोर्टात गेली, की घरात कुणी रिकाम्या पिशवीने केर काढतं का? २०१८ मध्ये ती जिंकली आणि लेबलच रद्द झालं.

मी सांगतो ती चाचणी करा. पुडीत मूठभर जाडा रवा आणि थोडे शेंगदाणे घेऊन दुकानात जा. दोन टाइल्सच्या सांध्यावर पसरा आणि नोझल एकदाच, सावकाश फिरवा. सांध्यातला रवा उचलला गेला का? शेंगदाणे आत गेले, की नोझलने ते बुलडोझरसारखे पुढे ढकलत नेले? पुढची कड जमिनीला टेकलेली नोझल हमखास ढकलतात. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

मुलाला धुळीची ॲलर्जी आहे, सात वर्षांचा आहे. हेपा फिल्टरचा महागडा व्हॅक्यूम घेतला तर फरक पडेल का? (म्हापसा)

औषधोपचाराचं तुमचे डॉक्टरच सांगतील. मी मशीनपुरतं बोलतो.

हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, कण ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर. फिल्टर उत्तमच असतो. घोळ होतो तो भोवतीच्या डब्यात. स्वस्त मशीनमध्ये फिल्टर हेपाचा आणि झाकणाचं रबर ढिलं असतं. हवेला फटीची सोपी वाट मिळाली की ती फिल्टरच्या वाटेला जात नाही. तुमच्या घरी हेपावालं मशीन आधीपासून असेल तर रात्री दिवे घालवा, मशीन चालू करून त्याच्या अंगावर टॉर्चचा झोत आडवा मारा आणि कुणाला तरी पिठीसारखी बारीक धूळ ओढायला सांगा. झाकणाच्या कडेने झोतात कण नाचताना दिसले तर ते मशीन खोलीतली धूळ बारीक करून पुन्हा खोलीतच सोडतंय. पूर्ण सीलबंद बांधणीला जास्त पैसे मोजणं तुमच्या घरात समर्थनीय आहे. या पानावर असं मी क्वचितच म्हणेन.

तरीही आधी दुसरीकडे पैसे घाला. बऱ्याच घरांत धुळीच्या ॲलर्जीमागे माइट्स नावाचे, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते गादी-उशीत राहतात आणि गोवा-कोकणासारखी दमट हवा त्यांना मानवते. गादीत खोल बसलेले माइट्स कुठलंच व्हॅक्यूम पूर्ण ओढू शकत नाही, ते तंतूंना चिकटून बसतात. गादी-उशीला चेन असलेली, घट्ट विणीची खोळ घाला. चादरी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. आजी गाद्या उन्हात टाकायची तेही बरोबरच होतं, उन्हाने गादी कोरडी होते आणि माइट्सना कोरडं सोसत नाही. मात्र त्यांची विष्ठा नि सांगाडे मागे राहतात आणि त्रास त्यांचाच असतो. म्हणून ऊन दिल्यावर गादीवरून व्हॅक्यूम फिरवायचा.

केर काढताना आणि डबा रिकामा करताना मुलगा घरात नको. ॲलर्जीच्या घरात मी पिशवीवालं मशीन सुचवतो. पिशवी तोंड बंद करून सरळ कचऱ्यात जाते. बिनपिशवीचा पारदर्शक डबा दिसायला छान असतो, पण तो उलटा केला की अर्धी धूळ आपल्याच तोंडावर येते. आणि पावसाळ्यात धुतलेला फिल्टर २४ तास तरी वाळू द्या. ओलसर फिल्टर बसवलात तर कुबट वास सुटतो आणि बुरशीचे कण घरभर फिरतात.

रोबो घेतला तर केर-लादीच्या मावशींना सुट्टी देता येईल का? दोघंही नोकरीला, बाणेरला राहतो.

मावशी कोपरे काढतात, गॅलरी धुतात, सोफा सरकवतात आणि कोथिंबीर महागल्याची बातमीही देतात. रोबो यातलं काही करत नाही. तो रोजची वरची धूळ मात्र इमानाने उचलतो. दोघं घरी येईपर्यंत जमीन पायाला खरखरीत लागत नाही, हेही कमी नाही.

घेण्याआधी तीन मापं काढा. उंबरठा किती उंच आहे? बहुतेक रोबो दोनेक सेंटिमीटरच चढतात. सोफा आणि पलंगाखाली किती जागा आहे? डोक्यावर लेझरची टोपी असलेल्या रोबोला साधारण दहा सेंटिमीटर लागते. आणि घरात लांब केस कुणाकुणाचे आहेत? ब्रशला आठवड्याला केसांचा गजरा गुंडाळला जातो, तो कात्रीने कापून काढावा लागतो. देवघरापुढची रांगोळी, पायपुसण्याच्या झालरी, चार्जरच्या वायरी यांची सोय तुमची तुम्हीच बघायची.

एक सांगतो, रोबोत थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. अगदी स्वस्त रोबो भिंतीवर आपटत आंधळ्यासारखा फिरतो, तीच जागा चारदा झाडतो आणि एक खोली विसरतो. लेझरने घराचा नकाशा काढणारा २० ते ३० हजारांत मिळतो आणि नीट रांगांत फिरतो. त्यावर पुढे जाऊन ८० हजारांत स्वतःचा डबा रिकामा करणारा, फडकं धुणारा घ्यायचा की नाही, हा हौसेचा प्रश्न.

३२ हजारांचं मशीन दीड वर्षात ओढेनासं झालं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात मोटार गेली, साडेनऊ हजार. घालू का?

मोटार फिरते का? आवाज येतो का? मग ती बहुधा गेलेली नाही. आधी विचारतो: मधल्या काळात घरात पीओपीचं किंवा फर्निचरचं काम झालं का?

गेल्या महिन्यात असंच एक मशीन आलं. मोटारला हात लावण्याआधी फिल्टर काढला. घड्यांमध्ये पांढरा थर, खडूसारखा कडक. नखाने टोकरला तर खपली निघाली. जिप्समची पूड आत गेली होती, मग कुणीतरी फिल्टर अर्धवट धुऊन ओलाच बसवला आणि आत प्लास्टर जमलं. मोटार बिचारी बंद दारावर डोकं आपटत होती. नवा फिल्टर बसवला, मशीन होतं तसं ओढायला लागलं. पीओपी, सिमेंट, रांगोळी, उदबत्तीची राख घरगुती व्हॅक्यूमला कधीच देऊ नये. राखेत निखारा असेल तर पिशवी पेटते, ते वेगळंच.

फिल्टर स्वच्छ असेल तर होज काढून त्यातून गोटी सोडा. अडकली तर आत मोजा किंवा केसाची पिन असणार. वायरवाल्या मशीनमधून ठिणग्या आणि जळका वास येत असेल तर बहुधा मोटारमधले कार्बनचे ब्रश झिजलेत, तो काही शेकड्यांतला खर्च. हे सगळं पाहूनही जमलं नाही तरच साडेनऊ हजारांचा विचार करा.

मुलगी न्यू जर्सीहून येतेय. तिथे सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतो म्हणते. आणायला सांगू का?

वायरवाला अजिबात नको. तिथला १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. प्लगचं अडॅप्टर लावून चालू केलात तर मोटार जळायला वेळ लागणार नाही. तेवढ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड पडेल.

कॉर्डलेस असेल तर चार्जरवरची बारीक अक्षरं वाचायला सांगा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर चार्ज होईल. पण इथल्या सर्व्हिस सेंटरला तिथली वॉरंटी चालते का हे आधी फोन करून विचारा, आणि ती बॅटरी विमानातून आणता येते का हे विमान कंपनीला. शिवाय तिच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असेल. तिला तो दांडगा ब्रश उपयोगाचा, तुम्हाला शहाबादीवर नाही. बॅगेतली ती जागा बदाम-अक्रोडांना द्या.