जेरी राइस शर्यतीत साधारण होता, मग सर्वोत्तम वाइड रिसीव्हर कसा ठरला?

तुम्ही विचारलंय, ४० यार्डांच्या (सुमारे ३७ मीटर) धावेत साधारण वेळ देणारा जेरी राइस अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, म्हणून सगळ्यांच्या पुढे कसा गेला. माझ्या मते घोळ मोजमापातच आहे. ती धाव सरळ रेषेत असते, अंगावर ना संरक्षक पॅड, ना समोर कोणी आडवा. रिसीव्हरची खरी परीक्षा वळणावर होते.

रूट म्हणजे रिसीव्हरने पळायचा आधीच ठरलेला मार्ग. त्यातला स्लँट घ्या. तीन पावलं सरळ, बाहेरच्या पायावर जोर देऊन मैदानाच्या मध्याकडे तिरकं घुसायचं. राइसच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचे तेव्हाचे कोच बिल वॉल्श यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, रिसीव्हर मोकळा दिसायची वाट बघत नाही, ठरलेल्या जागेवर चेंडू सोडून देतो. एक पाऊल जास्त पडलं की चेंडूची आणि रिसीव्हरची गाठ चुकते आणि बचावपटू मधेच तो उचलतो. नवख्यांचं हमखास चुकतं ते असं: वळण्याआधी पावलं आखडतात, छाती वर येते. बचावपटूला एवढा इशारा पुरतो. राइसचा वेग वळताना जवळजवळ कमीच होत नसे, आणि वेगवेगळ्या रूटची पहिली पावलं एकसारखी दिसत.

झेल घेणारे हात मात्र त्याला आयते मिळाले नव्हते. चेंडू छातीच्या वर आला तर दोन्ही अंगठे जवळ, कमरेखाली आला तर करंगळ्या जवळ, आणि काखेत दाबेपर्यंत नजर चेंडूवरच, हे शिकवायला सोपं असतं, जमायला नाही. १९८५च्या पहिल्या मोसमात त्याच्या हातून इतके झेल सुटले की घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या मोसमात ४९ झेल, आणि त्या झेलांवर संघाला पुढे नेलेलं अंतर ९२७ यार्ड. पुढच्याच वर्षी ८६ झेल, १५७० यार्ड! सरावातही झेल घेतला की तो थेट एंड झोनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवायच्या पट्ट्यापर्यंत, पळत जाई. मोसम संपला की कॅलिफोर्नियातल्या सॅन कार्लोसजवळची सुमारे चार किलोमीटरची टेकडी तो पळत चढे. सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या क्वार्टरमध्ये बाकीचे धापा टाकत असताना त्याचे पाय ताजे असत, ते या टेकडीमुळे.

एक निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. १९९७च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) तुटलं, आणि साडेतीन महिन्यांत तो परत उतरला. त्या सामन्यात टचडाउन केला (चेंडू एंड झोनमध्ये नेऊन गुण मिळवले), पण त्याच गुडघ्याची वाटी तडकली. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर पळता येतं म्हणजे आपटणं सोसता येतं असं नाही. १९९८मध्ये मात्र सगळे १६ सामने खेळून त्याने ११५७ यार्ड काढले.

२००२मध्ये ओकलंड रेडर्स या दुसऱ्या संघाकडून, चाळिशी गाठताना, ९२ झेल. कारकिर्दीत २२,८९५ यार्ड; दुसऱ्या क्रमांकाचा लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२वर थांबला.

जानेवारी १९८९च्या सुपर बोलचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याचा, व्हिडिओ मिळाला तर बघा: ११ झेल, २१५ यार्ड. चेंडूकडे दुर्लक्ष करा आणि राइस वळतो त्या क्षणी त्याची कंबर किती खाली जाते तेवढंच बघा.