पेन्शन करमुक्त आहे, तुम्ही नाही

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आहे. पाणीपुरवठा अभियंता, वय ६९. संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेत २१ वर्षं नोकरी, शेवटची नेमणूक दक्षिण सुदानमध्ये जूबाला. जून २०१८ मध्ये निवृत्त होऊन विट्याजवळच्या गावी परतले, आता द्राक्षबाग बघतात. पेन्शन डॉलरमध्ये येते. एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यात दीड कोटीच्या मुदतठेवी आहेत, शिवाय परदेशातल्या बँकेत ८० लाख रुपयांच्या आसपास रक्कम. बँकेतल्या ओळखीच्या मुलाने ‘हमखास उत्पन्ना’ची विमा योजना सुचवली: पाच वर्षं १२ लाखांचा हप्ता, मग सातव्या वर्षाअखेरपासून १५ वर्षं दरवर्षी ६ लाख. पहिला हप्ता एनआरई खात्यातून गेला, पॉलिसी घरी येऊन १९ दिवस झाले. पुढचे हप्ते ते ‘वर्षातून दोन-तीन महिने कन्सल्टन्सी करून’ भरणार आहेत. त्यांचा प्रश्न एवढाच, की ‘बरोबर केलं ना?’

नाही केलं. पॉलिसी परत करा. मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. हे उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत मुदत टळली असती, म्हणून एवढं वाक्य तुम्हाला आधीच मेलने कळवलं.

त्या मुलाने तुम्हाला ‘६० लाखांवर वर्षाला ६ लाख, म्हणजे १० टक्के’ असं सांगितलं. हे व्याज नव्हे, तुमचेच पैसे तुम्हाला सावकाश परत मिळताहेत. ६० लाख भरून २१ वर्षांत ९० लाख मिळतात. हिशेब केला तर परतावा वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो, बचत खात्यापेक्षा जरा बरा. पहिले ६ लाख हातात पडतील तेव्हा तुम्ही ७६ वर्षांचे असाल आणि शेवटचे पडतील तेव्हा ९०. ‘करमुक्त’ही खोटंच. एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर गेला, की वरचा नफा करपात्र होतो. तुमचा हप्ता १२ लाख आहे. ‘तुमच्यामागे वहिनींना काय?’ हा त्याचा हुकमी एक्का होता, पण निवृत्तीच्या वेळी लग्न झालेलं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या पेन्शन फंडातून पत्नीला साधारण निम्मं पेन्शन तहहयात मिळतं. हे त्याला ठाऊक नसेल, तुम्हाला तर होतं.

आणि कन्सल्टन्सी! १ जुलै २०२५ ला यूएसएड या अमेरिकी सरकारच्या संस्थेचं परदेशी मदतीचं काम अधिकृतपणे थांबलं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था स्वतःच्या लोकांना घरी पाठवताहेत. बाजारात चाळिशीतले अनुभवी लोक काम शोधत फिरत असताना सत्तरीच्या माणसाला दरवर्षी बोलावणं येईल, या भरवशावर १२ लाखांचा हप्ता बांधायचा? दुसरा हप्ता चुकला की पहिल्यातलाही बराचसा गेला.

पण पत्र वाचताना मी अडखळलो तो वेगळ्याच शब्दावर. एनआरई.

२०१८ मध्ये कायमचे परतलात, तर ते खातं आजवर चालू कसं? परतल्यावर लगेच बँकेला कळवून ते निवासी खातं करायचं असतं, किंवा पैसे आरएफसी (परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या) खात्यात वळवायचे असतात. आरएफसीत पैसे डॉलरमध्येच राहतात आणि पेन्शनही तिथे जमा होऊ शकतं. एनआरईचं व्याज करमुक्त असतं ते परदेशात राहणाऱ्यांसाठी. विट्याजवळ द्राक्षबाग बघणाऱ्यांसाठी नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘भाचा सीए आहे, तो म्हणाला यूएनचं पेन्शन करमुक्त, विवरणपत्र भरायची गरज नाही.’ पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रत्यक्ष कर मंडळाने १९८१ मध्ये तसं परिपत्रकच काढलंय. (आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थांमधून निवृत्त झालेल्या तुमच्या मित्रांनी मात्र हे वाचून खूश होऊ नये. ही सूट त्यांना नाही.) पण सूट पेन्शनला आहे, पेन्शन घेणाऱ्याच्या बाकी उत्पन्नाला नाही. दीड कोटीवर वर्षाला १० लाखांच्या घरात व्याज, त्यावर ढोबळमानाने लाखभर कर, तोही सात वर्षांचा. एनआरईवर टीडीएस कापला जात नाही, म्हणून इतकी वर्षं कुणी हटकलं नाही.

तरीही करापेक्षा मला काळजी आहे ती परदेशातल्या ८० लाखांची. परदेशात नोकरी करताना कमावलेले पैसे तिथेच ठेवायला कायद्याची हरकत नाही. परतल्यावरची पहिली दोन वर्षं तुम्ही ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ या गटात असणार, तेव्हा ते दाखवायचं बंधनही नव्हतं. माझ्या अंदाजाने २०२०-२१ पासून ते लागू झालं. तेव्हापासून विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायला हवा होता. तो न भरल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली एकेका वर्षाला १० लाख दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या खात्यांना आता सवलत आहे, तुमचं चौपट आहे. पाच वर्षं धरली तर दंडच ५० लाख. शंभराहून अधिक देश खात्यांची माहिती एकमेकांना देतात, आणि प्राप्तिकर विभागाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा खातेदारांना एसएमएस पाठवायला सुरुवातही केली. तुम्हाला अजून आला नसेल, तर नोटीस येण्याआधी स्वतःहून पुढे होण्याइतका वेळ आहे.

भाच्याला चहा पाजा, पण हे काम परदेशी मालमत्तेची प्रकरणं रोज हाताळणाऱ्या सीएकडे द्या. मागची विवरणपत्रं आता ४८ महिन्यांपर्यंत भरता येतात. उशीर वाढेल तसा जादा कर मूळ कर आणि त्यावरच्या व्याजाच्या २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढतो. मुदतीबाहेर गेलेल्या वर्षांचं काय करायचं, हे त्या सीएलाच ठरवू द्या. फीचे लाखभर रुपये लागले तरी कुरकुर नको.

पैसे कुठे ठेवायचे हा त्यानंतरचा प्रश्न, आणि तो सोपा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमचे ३० लाख आणि वहिनींचे ३० लाख, ८.२ टक्क्यांनी वर्षाला ४.९ लाख, तिमाहीला हातात, मुद्दल शाबूत. (वहिनींच्या नावावरचे पैसे तुमचेच असतील तर व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल.) मात्र ही योजना अनिवासींसाठी नाही. म्हणजे आधी बँकेत जाऊन खातं निवासी करावंच लागेल.

जाता जाता एक. वहिनींचं नाव पेन्शन फंडाच्या नोंदीत कसं लिहिलंय ते बघा. तिथे पासपोर्टवरचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर विवाहनोंदणीचा दाखला आत्ताच पाठवून ठेवा. पुढे तो त्यांना एकटीने शोधावा लागेल.