ऐरोलीत उडवतो त्या माझ्या रोलर कबुतरांची (उडताना हवेत मागे पलट्या मारणारी जात) लाइन, म्हणजे वंश, जोरदार आहे पण काही पिल्लं पलट्या मारत थेट गच्चीवर आपटतात, काय करू?

ऐरोलीत उडवताय म्हणालात ना, मग आपटणारं पिल्लू आजच थव्यातून काढा आणि काही आठवडे ढाबळीतच ठेवा, काही सावरतात, पण परत आपटलं तर उडवणं बंद आणि त्याची पैदास तर अजिबातच नको. पलटी रक्तातून येते हो, नर-मादी दोन्ही अती जोराचे लावले की पिल्लांना हवेत थांबताच येत नाही, म्हणून एक खोल, म्हणजे लांब पलटीचा असेल तर दुसरा आखूड पण स्वच्छ मारणारा घ्या, ज्याचा स्वतःवर कंट्रोल आहे असा. दाणा पक्षी खाली उतरल्यावरच, मोजून. फार उपाशीही नको, अशक्त पक्षी सावरत नाही. आणि शिक्रा (कबुतरं मारणारा शिकारी पक्षी) घिरट्या घालताना दिसला तर त्या दिवशी दार उघडूच नका, प्लीज.