इनटेक बदलण्याआधी एवढं तपास

मित्रा, मायलेजसाठी महागडा इनटेक (इंजिनात हवा नेणारा पाइप आणि एअर फिल्टर) घ्यायची घाई करू नकोस. फिल्टर स्वच्छ असेल तर कंपनीचा इनटेक इंजिनाला पुरेशी हवा देतो. मोकळ्या इनटेकने आवाज वाढेल, इंधनाचा खप फारसा कमी होणार नाही.

टर्बो डिझेल असेल तर टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचे (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) होज, म्हणजे रबरी पाइप, आधी हाताने चाचपून बघ. होज आवळणाऱ्या पट्टीजवळ (क्लॅम्प) ताजा तेलकट काळा डाग दिसला, तर तिथून दाबाची हवा निसटत असण्याची दाट शक्यता आहे. गाडी ओढत नाही, धूर मारते, डिझेल खाते, ते बऱ्याचदा यामुळेच.

फिल्टरचा कागद मात्र जप. फाटला तर धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर! तेल लावलेला कापडी एअर फिल्टर नकोच. जास्तीचं तेल आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरवर बसतं. आणि मायलेज बघतोयस तर टायरमधली हवाही टायर थंड असतानाच मोज.